सरावाची मुलाखत

लातूरच्या त्या हॉलला खिडक्या भरपूर होत्या, पण एकही उघडत नव्हती. एसी बसवताना कुणीतरी खिळे ठोकून त्या बंद केल्या होत्या. पुढं एसी बंद पडला आणि खिळे तसेच राहिले. त्या कोंदट हॉलमध्ये मला घरोघर पाहणी करणाऱ्या सांख्यिकी खात्याच्या कर्मचाऱ्यांना एकच गोष्ट शिकवायची होती. बाईचं लग्न झालंय का, ती नवऱ्याजवळ राहते का, हे तिलाच विचारून लिहायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडं 'वैवाहिक स्थिती'चा रकाना विचारून भरायची पद्धतच नाही. दारात बाई आली की आपला माणूस आधी तिच्या गळ्याकडं बघतो. मणी दिसले की विवाहित. गळा आणि कपाळ मोकळं, वय झालेलं, की विधवा. पोरगी दिसली की अविवाहित. रकाना भरला की मग मान वर करून तो पहिला प्रश्न विचारतो. ह्यात आळस कमी आणि मुर्वत जास्त असते. परक्या बाईला 'नवरा कुठाय' असं विचारणं त्याच्या जिवावर येतं. परिणाम असा की नवऱ्यानं टाकलेल्या सगळ्या बाया सरकारच्या लेखी सुखानं नांदतायत. त्यांच्यासाठी काही मागायला गेलं की वरून विचारणा होते, अशा बाया आहेत कुठं?

म्हणून ही खास पाहणी निघाली आणि प्रशिक्षक म्हणून माझी निवड झाली. नांदेडच्या कार्यालयात मी ह्या कामात मुरलेली होते. शिवाय बाईचा विषय आहे, बाईच बरी, असं आमचे साहेब म्हणाले. साहेबांनीही माझ्या गळ्याकडं बघितलंच असणार.

माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं. आजही आहे. नवरा मात्र कित्येक वर्षांत दिसलेला नाही. लग्नानंतर थोड्याच काळात मी नांदेडला आईबाबांकडं आले ती कायमचीच. गल्लीत, विहारात, सोयऱ्यांत बाबांनी सांगून ठेवलं होतं की जावई पुण्याला कंपनीत आहेत, रजा मिळत नाही. लोक खरं मानत होते असं नाही, पण खोटं पाडायची कुणाला गरज पडली नव्हती. घरात बाबांची समजूत निराळीच. मी तोंडाळ, मी रागाच्या भरात निघून आले, आणि जरा पडतं घेतलं तर ते लोक अजूनही नेतील. ती समजूत मी खोडली नाही. खरं सांगायचं तर जे शब्द वापरावे लागले असते ते माझ्या तोंडातून निघत नव्हते.

आणि आता तर सांगायची सोयच उरली नव्हती. धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं, तेही लातूरलाच. मुलगा शिक्षक, घर चांगलं आणि बहिणीच्या तो मनात भरलेला. पसंती कळवताना मुलाच्या आईनं हसत विचारलं होतं, "थोरले जावई कधी दिसायचे आम्हाला?" बाबा म्हणाले, "लग्नाला येतीलच की." ही सोयरीक मोडलीच तर माझ्या पायी मोडेल, हे घरात कुणी न बोलताही सगळ्यांना कळत होतं. मी घरात अंग चोरून वावरायला लागले होते. बहिणीच्या आनंदात आनंद होता, पण तिचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून कान द्यायचे.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी एक तरुण कर्मचारी चहाचा कप घेऊन जवळ आला. "म्याडम, तुमच्या लहान बहिणीचं आमच्याच गल्लीत जमायलंय म्हणं. पाव्हणे आमचे शेजारी हायेत. रोजचं उठणं-बसणं हाय."

मी हसले. तो जाऊन नेमका पहिल्या रांगेत बसला.

मग मी शिकवायला लागले. बाईला थेट 'नवऱ्यानं टाकलं का' असं विचारू नका, ती नाहीच म्हणणार. लहान प्रश्न विचारा. एका घरात शेवटचं कधी जेवलात? आजारी पडलात तर दवाखान्यात कोण नेतं? माहेरी आलात तेव्हा सोडायला कोण आलं होतं? ती खोटं बोलली तरी घाई करू नका, खोट्याला तपशील पुरवता पुरवता माणूस दमतो. आणि तिच्या वतीनं घरातल्या कुणालाही बोलू देऊ नका. प्रश्नांची ही साखळी माझी मीच बांधली होती. तुम्हाला हे कसं सुचलं, असं कुणी विचारलं नाही.

दुपारी सरावाच्या मुलाखती होत्या. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तरं द्यायची. ह्यात माझा एक हट्ट असतो. उत्तरं आपल्या घरची द्यायची, बनवायची नाहीत. बनवलेली उत्तरं गुळगुळीत येतात, आणि त्यावर सराव केलेला माणूस खऱ्या दारात अडखळतो. सगळ्यांनी आपापल्या घरचं सांगितलं, थट्टामस्करी झाली. शेवटी पहिल्या रांगेतून तोच म्हणाला, "म्याडम, आता तुमची घेऊ द्या की एक. आम्ही बघतो."

हॉलनं टाळ्या पिटल्या. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि ते माझ्याजवळ नव्हतं.

विचारायला उठली ती किल्लारीकडची एक सांख्यिकी सहायक. माझ्याच वयाची, दिवसभरात एक अक्षर न बोललेली. समोर खुर्ची ओढून बसली. तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं नाही, सरळ तोंडाकडं बघितलं. मीच तसं शिकवलं होतं, तरी मला तिचा राग आला.

"लग्न झालंय तुमचं?"

"हो."

"मालक कुठं राहत्यात?"

"पुण्याला. कंपनीत आहेत." हे मला झोपेतही म्हणता येतं.

"शेवटचं कवा आले हुते?"

"दिवाळीला."

"एका ताटाला बसला असाल. काय केलं हुतं जेवायला?"

"आमरस," मी म्हणाले.

हॉलमध्ये हशा उसळला. दिवाळीला आमरस! ती हसली नाही. आमरस हेच आमचं शेवटचं जेवण होतं, आणि ते माझ्या तोंडातून आपोआप निघालं होतं.

"मंजी उन्हाळा हुता," ती हळूच म्हणाली. "मग तुम्ही हिकडं आलात. सोडाया कोण आलं हुतं?"

इथं काहीतरी ठोकून देता आलं असतं. दीर आला होता, म्हणता आलं असतं. पण ती नुसती थांबून राहिली, मी सांगितलं होतं तशी, आणि इतक्या वर्षांत माझ्या उत्तरासाठी असं कुणी थांबलेलंच नव्हतं.

मी सांगितलं. चार दिवस माहेरी राहून ये म्हणाले आणि सासरी, भोकरच्या स्टँडवर नांदेडच्या बसमध्ये बसवायला आले. पिशवी वर ठेवली, खिडकीची जागा धरून दिली. पाण्याची बाटली आणतो म्हणून उतरले. बस निघाली तेव्हा ते टपरीजवळ उभे होते आणि त्यांचे हात रिकामे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. मी कंडक्टरला 'थांबवा' म्हणाले नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळून चुकलं होतं. नंतर फोन केला तर सासूनं उचलला आणि म्हणाली, आता तिकडंच राहा.

"घरी काय सांगितलं?"

"भांडून आले म्हणून सांगितलं."

"का वो?"

"भांडून आले म्हटलं की माझा थोडा तरी मान राहत होता."

मला वाटलं, संपलं सगळं. आज संध्याकाळी ही गोष्ट लातूरच्या त्या गल्लीत पोचणार, आणि बहिणीनं मला कधीही बोल लावला नाही तरी मी तिच्यासमोर उभी राहू शकणार नाही.

पहिल्या रांगेतला तो उठून उभा राहिला आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. "लई भारी अ‍ॅक्टिंग, म्याडम! मला तर खरंच वाटायलं हुतं!" माझ्या गळ्याकडं बघून त्यानं माझा रकाना कधीच भरला होता.

मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. एकीनं तर डोळे पुसले. मी उठले. पदर सारखा केला आणि म्हणाले, "बघितलं? बाई आधी कशी टाळते आणि आपण थांबलो की कशी बोलायला लागते?" वाचले, असं वाटलं. आणि त्याच क्षणी कळलं की आयुष्यात एकदा खरं बोलले होते आणि त्याचं नाटक मीच करून टाकलं होतं.

चहाच्या वेळी ती किल्लारीची बाई माझ्याजवळ आली. इकडचं तिकडचं काही नाही. "म्याडम, उत्तर बदललं तर कंचं धरायचं? आधीचं का नंतरचं?"

"नंतरचं," मी म्हणाले. नियम तोच आहे.

"नंतरचंच धरलंय मी," ती म्हणाली. तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, आणि तिला हॉलबाहेर घालवावंसंही वाटलं. मी फक्त बिस्किटांची बशी तिच्यापुढं केली.

पुढची तुकडी नांदेडला होती. साहेब स्वतः येऊन बसले. लातूरच्या मुलाखतीची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. "ते तुमचं करून दाखवा. अशानं पोरं शिकतात." मी वेगळी गोष्ट रचून बघितली. नवरा मुंबईला, भांडण सासूशी, असं काहीबाही. जमेना. साहेबच मधे म्हणाले, "स्टँडचं काहीतरी होतं ना? ते घ्या." मग मी स्टँडचं घेतलं. पुढच्या तुकड्यांत त्याची मागणीच व्हायला लागली. कुठं थांबायचं, 'हात रिकामे होते' कधी म्हणायचं, हे मला कळायला लागलं. बोलून बोलून दुःख हलकं होतं म्हणतात. माझं तर झालं नाही, फक्त सफाईदार झालं. पाहणी मात्र चांगली झाली. टाकलेल्या बायांची नोंद आधीपेक्षा कितीतरी नीट झाली, आणि वरून कौतुकाचं पत्र आलं तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. आमची गल्ली पाहणीच्या नमुन्यात निघालीच नव्हती, त्यामुळं माझ्या दारात कुणी आलं नाही.

कुठल्याशा तुकडीत कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तो ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत कर्मचाऱ्यांत पोचला, पहिल्या रांगेतल्या त्या तरुणाकडं पोचला, आणि त्यानं तो कौतुकानं शेजारच्या घरात दाखवला.

एका रविवारी सकाळी मुलाच्या आईचा बाबांना फोन आला. मी ओसरीत मेथी निवडत होते. बाबांना ऐकू कमी येतं, फोन स्पीकरवर असतो. "अहो, तुमची थोरली काय अ‍ॅक्टिंग करती! आम्ही सगळे रडलो बघा. व्हिडिओ पाठवलाय, बघा तुम्ही पण."

"हो हो," बाबा मोठ्यानं हसले. "तिला शाळेपासूनच नाटकाची हौस." मी शाळेत कधी नाटकात काम केलेलं नाही.

फोन ठेवून त्यांनी व्हिडिओ लावला. मी आत जाऊ शकले असते. मेथी निवडत राहिले. माझाच आवाज ओसरीभर झाला. स्टँड, खिडकीची जागा, रिकामे हात, सासू. भांडून आले म्हणून सांगितलं, हेही आलं. मग टाळ्या आल्या. बाबा फोन हातात धरून तसेच बसले. इतकी वर्षं ते मला 'पडतं घे' म्हणत आले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं तेव्हा त्यांचा खालचा ओठ हलत होता. त्यांचं इतकं म्हातारं तोंड मी कधी बघितलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "त्यानं तुला असं... स्टँडवर...?"

ह्या प्रश्नाची मी किती वर्षं वाट बघितली होती ते मला तेव्हा कळलं. हो म्हणायचं होतं. आत बहीण आरशापुढं साडी लावून बघत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. बाबा विचारत होते, पण ऐकायची ताकद त्यांच्यात नव्हती. लग्नाला पंधरवडाही उरला नव्हता, आणि खरं कळल्यावर हा माणूस मांडवात हसून उभा राहू शकला नसता.

"छे हो बाबा," मी म्हणाले. "शिकवायचं म्हणून रचलेलं आहे ते सगळं."

"मला वाटलंच," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी छापखान्यात फोन लावला आणि पत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून थोरल्या जावयाचं नाव सगळ्यांत वर घ्या, असं सांगायला लागले.