सव्वा रुपयाची जीप

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती वासासकट. आधी गावठी कोंबडीच्या रश्श्याचा वास येतो, मागून डिझेलचा, आणि मग पायात नुसते मोजे घातलेले पुण्याचे एक गृहस्थ डोळ्यांसमोर उभे राहतात. नावं मी कोणाचीच सांगणार नाही. गाव लहान आहे आणि तिथले लोक मला अजून जेवायला बोलावतात.

दोन हजारच्या दशकाची मधली वर्षं होती. मी तेव्हा भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. आमच्याकडचे गुन्हे ठरलेले. लूममधून सुताची चोरी, गोदामातून मालाची चोरी, आणि या चोऱ्या कोणी केल्या हे सांगायला येणाऱ्यांची ठाण्याच्या दारातच मारामारी. इंटरनेटवरून झालेला व्यवहार म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. ठाण्यात एक संगणक होता. त्याच्यावर कापडी झाकण होतं आणि हवालदार त्या झाकणावर डबा ठेवून जेवत.

एका दुपारी ठाण्यात फोन आला. "वळ गावाच्या पुढच्या गावात पुन्याच्या एका मानसाला डांबून ठेवलाय. त्याचे बूट पन काढून घेतलेत. लवकर या." अंमलदारानं नाव विचारलं तसा फोन बंद झाला. निनावी फोनबद्दल माझं एक मत नोकरीभर पक्कं होत गेलं. अनोळखी माणूस सहसा नाव सांगून तक्रार करतो. निनावी फोन करणारा बहुतेक वेळा नातेवाईक निघतो. तरीही माणूस डांबून ठेवणं हा दखलपात्र गुन्हा, त्यामुळे स्टेशन डायरीत नोंद केली, एक हवालदार आणि दोन शिपाई घेतले आणि निघालो.

गावात देवळासमोर एक ट्रक उभा होता. ट्रकवर दोरखंडांनी बांधलेली एक जुनी उघडी जीप, आणि ट्रकच्या पुढ्यात अर्धं गाव मांडी घालून बसलेलं. समोरच्या घराच्या ओटीवर आमचा 'डांबून ठेवलेला इसम' पाटावर बसून जेवत होता. चेहऱ्यावर भीती होती हे मात्र खरं. वाढणारी बाई पुन्हा पातेलं घेऊन बाहेर येत होती.

"साहेब, मला सोडवा," ते कळवळून म्हणाले. "सकाळपासून हे माझं तिसरं जेवण आहे."

घराचे मालक शेजारीच बसले होते. साठी ओलांडलेले, पांढरा सदरा, गळ्यात जाड चेन. पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी भातशेती केली आणि आता त्याच जमिनीवर गोदामं बांधून भाड्यानं दिलेली. गाव त्यांना नाना म्हणतं, तर आपणही तेच म्हणू.

"नाना, हे काय चाललंय?"

"पाहुन्याला उपाशी कसा धाडू, सायेब?"

"आणि त्यांचे बूट?"

"धुवायला दिलेत."

"चामड्याचे बूट?"

"आमच्यात धुतात," नाना म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

तेवढ्यात ओटीच्या कडेला उभा असलेला एक किडकिडीत माणूस ओरडला, "भावजी, बोली ती बोली! देऊन टाका जीप!" गाव हसलं. हे नानांचे मेहुणे, बायकोचे भाऊ. नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी हवालदाराला दोघांच्या मध्ये उभं केलं. मग ट्रक, जीप, नाना, त्यांची सून आणि पुण्याचे गृहस्थ अशी सगळी वरात ठाण्यात आणली. मेहुण्यांना कोणी बोलावलं नव्हतं, ते आपण होऊन मागून आले.

जबाब घेताना प्रकरण उलगडलं. नानांच्या मुलानं नवी गाडी घेतली होती आणि जुनी जीप गोदामाच्या आवारात जागा अडवत होती. चांगला भाव आला तर द्यायची, नाहीतर नाही, असं नानांच्या मनात. सून गोदामाच्या ऑफिसात हिशेब बघायची. तिनं सांगितलं की आता अशा वस्तूंचा लिलाव इंटरनेटवर होतो. लिलाव म्हटल्यावर नानांची कळी खुलली, कारण लिलाव हा त्यांचा प्रांत. गावदेवीच्या जत्रेत मानाच्या नारळाचा लिलाव होतो आणि गेली कित्येक वर्षं तो नानाच पुकारत. बोली सव्वा रुपयापासून सुरू करायची ही तिथली रीत. लोक ईर्षेनं ती हजारांवर नेतात. नाना 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणतात, आणि तीन वार झाले की देवसुद्धा ती बोली मागे घेऊ शकत नाही.

"बाबा म्हणाले, सव्वा रुपया टाक," सून सांगत होती. "मी म्हटलं, बाबा, एवढीच किंमत? तर म्हणाले, देवाचा नारल पन तिथूनच चढतो, लोक नेतात वर. मग मी टाकली."

टाकली ती नेमकी भलत्या चौकटीत. बोलीची सुरुवात लिहायची चौकट वेगळी आणि 'या किमतीला लगेच खरेदी करा' ही वेगळी. जत्रेतल्या लिलावात लगेच खरेदी असा प्रकारच नसतो, तर ते त्यांना कळणार कसं? पुण्याच्या गृहस्थांनी ती जाहिरात पाहिली आणि तत्क्षणी बटण दाबलं. नाना पडघ्याच्या बाजारात गेलेले असताना ते ट्रक घेऊन आले, सुनेला कागद दाखवून जीप चढवली, आणि ओटीवर एक रुपयाचं नाणं व चार आणे ठेवले. नाना परत आले तेव्हा जीप ट्रकवर आणि नाणी ओटीवर.

आता नानांची पंचाईत लक्षात घ्या. त्या जीपमधून त्यांनी बायकोला लग्न करून आणलं होतं. ती ट्रकवर बांधलेली पाहिली आणि विकायची हौस तिथल्या तिथे फिटली. पण जन्मभर ज्यांनी गावाला 'बोली ती बोली' ऐकवलं, ते आता 'माझी चूक झाली' कोणत्या तोंडानं म्हणणार? मेहुणे तर समोरच उभे. नाही म्हणता येईना, हो म्हणवेना. म्हणून नाना म्हणाले, 'जेवून जा.' आणि ते दिवसभर तेच म्हणत राहिले.

पुण्याचे गृहस्थ जुन्या गाड्या जमवणारे. त्यांच्याकडे फाइल होती. फिर्यादी फाइल घेऊन आला की मी आधी स्वतःसाठी चहा मागवतो.

"किंमत त्यांनी लिहिली, मी मान्य केली, पैसे दिले. करार पूर्ण झाला," ते म्हणाले. "आता जीप माझ्या ताब्यात द्या. नाहीतर मला डांबून ठेवल्याची फिर्याद देतो. मग यांना आत बसवा."

नाना पांढरेफटक पडले. जीप तरी जाणार होती किंवा अब्रू, आणि दोन्ही जाण्याचीही सोय होती.

मी विचारलं, "किंमत चुकली असेल असं तुमच्या मनात आलं नाही?"

"मुळीच नाही. भंगार आहे ते. जागा अडवत होतं, म्हणून फुंकून टाकत असतील."

हे मी शब्दशः लिहून घेतलं, त्यांना वाचून दाखवलं आणि सही घेतली. मग आत जाऊन एका सरकारी वकिलांना फोन केला. ते माझे जुने स्नेही. म्हणाले, "बाबा रे, हा दिवाणी मामला आहे, तू न्यायाधीश होऊ नकोस. पण ऐकून ठेव. एकट्या विकणाऱ्याची चूक झाली एवढ्यावर करार मोडत नाही. पण घेणाऱ्याला ती चूक दिसत होती आणि दिसत असूनही त्यानं झडप घातली, असं निघालं तर कोर्टात त्याची बाजू लंगडी पडते. प्रश्न एवढाच, की त्याला माहीत होतं का?"

माणसाला काय माहीत होतं हे त्याच्या तोंडून काढणं, याचाच तर मी पगार घेत होतो.

बाहेर ट्रकचा ड्रायव्हर कटकट करत होता. "साब, मेरेको नासिक का माल भरना है. ये डिब्बा उतरवाओ ना."

मी जीप उतरवायला सांगितली. फळ्या लावल्या. दोर धरायला मी आमच्या एका हवालदाराला उभं केलं. हा हवालदार इतका धांदरट की ठाण्यातला माठ दर उन्हाळ्यात त्याच्याच हातून फुटायचा. त्याची निवड हा निव्वळ योगायोग होता, असं माझं अधिकृत म्हणणं आहे.

जीप फळीवर आली, दोर सुटला आणि गाडी एका अंगाला कलली. पुण्याचे गृहस्थ मोज्यांवर धावले. "अहो, धरा! धरा! साडेतीन लाखांची गाडी आहे ती! मूळ इंजिन आहे तिच्यात!"

शिपायांनी गाडी सावरली. पहिला बोलला तो ड्रायव्हर. "साडेतीन लाख? मेरेको तो भंगार बोलके भाडा ठरवाया!"

"पुरवणी जबाब घ्या," मी अंमलदाराला म्हणालो.

गृहस्थ पायरीवर बसले. माणूस वाईट नव्हता, नादिष्ट होता. फाइल मांडीवर ठेवून म्हणाले, "किंमत पाहिली आणि मला झोप लागली नाही हो, साहेब. चूक त्यांच्या लक्षात येईल, मी पोचायच्या आधी ते व्यवहार मोडतील, हीच धास्ती." मग मी त्यांना वकिलांचं म्हणणं सांगितलं आणि कोर्टाची वाटही दाखवली. त्यांनी ती वाट धरायची नाही असं ठरवलं. नानांनाही ऐकवलं, की जेवू घालणं गुन्हा नाही, पण बूट लपवून माणूस अडकवणं नक्की आहे. नानांनी मान खाली घातली आणि जीपच्या सीटखालून बूट काढून दिले. म्हणजे ट्रक निघाला असता तर बूट मालकाबरोबरच गेले असते! हे लक्षात येताच गृहस्थ स्वतःच हसायला लागले. फिर्याद द्यायची नाही असं त्यांनी लिहून दिलं, नानांनी ट्रकचं भाडं दिलं आणि सव्वा रुपया परत केला.

मी डायरी मिटणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"सायेब, माझा पन जबाब घ्या."

मेहुणे पुढे आले. "गेल्या जत्रेत मी गर्दीत हात वर केला. पोरगी तांब्या घेऊन चालली व्हती, तिच्याकडं पानी मागत व्हतो. ह्यांनी माझ्या नावावर बोली धरली. एक वार, दोन वार, तीन वार. अकरा हजाराचा नारल गळ्यात. मी ओरडतोय, पानी, पानी! हे बोलले, बोली ती बोली. वरीसभर गाव मना नारलवाला म्हनतंय. आता सांगा, तुमचा ह्यो कायदा मना लागू हाय का न्हाय?"

मी मेहुण्यांना विचारलं, "दुपारचा फोन तुमचाच ना?"

"माझाच. पन मी काय खोटा बोललो?"

मग मी नानांकडे वळलो. खरं तर हे माझ्या कामात बसत नव्हतं, पण त्या क्षणी मला राहवलं नाही. "नाना, यांना पाणीच हवं होतं, हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

नानांनी गळ्यातली चेन सदऱ्यात सारली. मग हळूच म्हणाले, "म्हाईत व्हतं. तांब्या दिसला व्हता मना. गंमत वाटली."

"पैसे देतो तुझे," ते मेहुण्यांना म्हणाले.

"पैसे देवीला गेले, ऱ्हाऊ दे तिथं," मेहुणे म्हणाले. "मी पानी मागत व्हतो, एवढं गावासमोर सांगा."

नाना उठले. जीप चालू करून ते निघून गेले.

पुढच्या जत्रेला बंदोबस्तासाठी मी गेलो होतो. नारळाचा लिलाव सुरू झाला. सव्वा रुपयापासून बोली चढत चढत हजारांवर गेली. मागून एका तरण्या गड्याचा हात वर झाला. नानांनी पुकारलं, "एक वार! दोन वार!" आणि ते थांबले. सगळी जत्रा वाट बघू लागली. नानांनी ध्वनिक्षेपक तोंडाजवळ घेतला, त्या गड्याकडे बोट केलं आणि विचारलं, "काय रे, नारल का पानी?"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग नाना म्हणाले, "गेल्या येळेला मी विचारलं न्हाय. माझ्या मेव्हन्याला पानी हवं व्हतं." आणि सगळी जत्रा खो खो हसत सुटली. सर्वांत मोठ्यानं मेहुणे हसत होते, आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते.

कराराचा कायदा मी परीक्षेपुरता वाचला होता. तो मला खरा कळला त्या गर्दीत, दोन वार आणि तीन वारच्या मधे. समोरच्याची चूक आपल्याला दिसत असेल तर तिथं क्षणभर थांबून विचारायचं असतं. पुढं नोकरीत जबाबावर सही घेण्याआधी मी प्रत्येकाला, अगदी सराईत चोरालासुद्धा, एकदा विचारत असे, की बाबा, तुला हेच म्हणायचं आहे ना? त्यातल्या काहींनी जबाब बदलला, आणि बदललेला बहुतेक वेळा खरा निघाला.

त्या गावात नारळाचा लिलाव आजही होतो. नाना आता नाहीत, मेहुणे पुकारतात. तिसऱ्या वाराच्या आधी तेही थांबतात आणि तोच प्रश्न विचारतात.