पोथीच्या पाठीतले पान

हे अंबरनाथा, ज्याच्या गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात, आणि उतरून वर पाहावे तर माथ्यावर छप्पर नाही, थेट आकाश आहे, अशा तुझ्या पायांशी आधी मस्तक ठेवतो. तू शब्दांत मावत नाहीस, तरी आम्ही तुला शब्दांत धरतो. ते शब्द कागदावर उतरवतो, तो कागद कापडात बांधतो, ते कापड चौरंगावर ठेवतो आणि म्हणतो, हा देव. तूही आमचे वेड चालवून घेतोस. आज ज्या माणसाची कथा सांगायची आहे, त्याच्या मनातला गुंता माझ्याही मनात आहे. तो सोडवून मग लिहायला बसलो असतो तर बरे झाले असते. तसे झाले नाही. तेव्हा तूच सांभाळ.

त्या माणसाचे नाव श्रीपाद हरिचंद्र गोडांबे. राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम. अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे त्यांनी पत्रव्यवहार सांभाळला. माणूस निवृत्त झाला, पत्रे मात्र निवृत्त झाली नाहीत. पाण्याचा दाब कमी झाला, चला गोडांबेकाकांकडे. रस्त्यावरचा दिवा बंद पडला, चला गोडांबेकाकांकडे. त्यांच्या निवेदनाला उत्तर येते, अशी ख्याती. आणि त्यांच्या कामाची एक रीत होती. कोऱ्या कागदावर ते कधीही सुरुवात करीत नसत. कपाटातून जुनी फाईल काढायची, त्याच जातीचे मागचे पत्र शोधायचे, ते समोर ठेवायचे आणि त्याच्या अंगाने नवे बेतायचे. “भाषा तयार असते हो,” ते म्हणत, “आपण फक्त नावं बदलायची.”

या माणसाच्या घरी वडिलांपासून चालत आलेली एक पोथी होती. श्रावणात तिचे वाचन व्हायचे, पहाटे स्नान करून, पाटावर बसून, एकही दिवस न चुकता. तीस वर्षांपूर्वी तिची पाने सुटली, तेव्हा उल्हासनगर कॅम्प एकमधल्या चंदरभाई या बाइंडरने ती पुन्हा शिवून दिली होती. वडिलांचे नाव लिहिलेले पहिले पान मात्र तोवर फाटून गेले होते. गेल्या वैशाखात श्रीपादरावांची एकुलती लेक श्रद्धा सुट्टीवर आली. ती दूरच्या एका देशात, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. जाताना म्हणाली, “बाबा, यंदा श्रावणात मी वाचीन.” बापाला आणखी काय हवे! त्यांनी पोथी रेशमी वस्त्रात बांधून तिच्या हाती दिली.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“बाबा, पोथी विमानतळावर ठेवून घेतली.”

“ठेवून घेतली म्हणजे? सोनं आहे का ते?”

“इथल्या सरकारने गेल्या महिन्यात काही धर्मग्रंथांवर बंदी घातलीय. आपली पोथी त्या यादीत आहे. मला माहीतच नव्हतं हो.”

श्रद्धा रडत नव्हती, पण एकेक वाक्य जपून बोलत होती. तशाच दहाबारा पोथ्या तिथे जमा होत्या. चाळीस दिवसांत मालकाने आपली प्रत ओळखून दाखवली तर ती नष्ट होणार नव्हती, पुढे तिचा विचार होणार होता. नाही तर साऱ्या गठ्ठ्याबरोबर तीही जाणार होती. अर्जात ओळखीची खूण लिहायची होती, आणि ती आतली हवी होती, कारण बाहेरून सगळ्या लाल पुठ्ठ्याच्याच. तिथला वकील म्हणाला होता, तुमच्या सरकारने विचारणा केली तर बरे.

ही वार्ता आमच्या भजनी मंडळात पोचायला कितीसा वेळ! संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर सगळे जमले. मंडळाचा अध्यक्ष राजेंद्र, हाडाचा कार्यकर्ता, मांडीवर थाप मारून म्हणाला, “काका, निवेदन लिहा. सरकारने निषेध केलाच पाहिजे! असं लिहा, असं लिहा की वाचणाऱ्याची खुर्ची हलली पाहिजे. रविवारी इथेच वाचू आणि सह्या घेऊ.”

कोपऱ्यातून यज्ञेश बोलला. हा पखवाज वाजवणारा तरुण इंजिनीअर. “पण राजेंद्रदादा, त्यांचा देश, त्यांचा कायदा. उद्या ते आपल्याला म्हणाले, तुम्ही अमकं पुस्तक का बंद केलं, तर आपण काय म्हणणार? आमच्या घरात तुमचं काय काम, असंच ना?”

“तू नक्की कुठल्या साइडला आहेस रे?”

“मी साइड शोधतोय, दादा.”

“शोध, शोध. तोवर ठेका तरी नीट धर. काल भजनात कुठे गेला होतास?”

सगळे हसले. श्रीपादराव हसले नाहीत. ते घरी गेले, कपाट उघडले, ‘निवेदने’ लिहिलेली फाईल काढली, आणि रीतीप्रमाणे धर्मग्रंथाच्या जातीचे मागचे पत्र शोधले. ते एकच होते. दोन वर्षांपूर्वीचे.

त्या पत्राची हकीकत सांगतो. बेलवलीच्या समाजमंदिरात दर गुरुवारी काही सिंधी कुटुंबे जमत आणि त्यांच्या एका संतपुरुषाची वाणी वाचत. वाचन करी कमलेश, त्याच चंदरभाईंचा मुलगा. त्या ग्रंथात आपल्या दैवतांविषयी काहीबाही आहे, अशी कुजबुज कुठून तरी उठली. आमच्यापैकी कुणी तो ग्रंथ वाचला नव्हता, कुणी उघडूनही पाहिला नव्हता. तरी आम्ही विश्वस्तांकडे निवेदन दिले. लिहिले श्रीपादरावांनी. त्याखाली तिसरी सही माझी आहे. वाचन बंद झाले. कमलेशने तक्रार केली नाही. त्याने सतरंजी गुंडाळली आणि तो निघून गेला.

आता टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एक श्रद्धाने पाठवलेला त्या परक्या सरकारचा आदेश, दुसरे श्रीपादरावांचे स्वतःचे पत्र. आदेश म्हणत होता, ग्रंथातील काही वचनांमुळे भावना दुखावतात. पत्र म्हणत होते, ग्रंथातील काही वचनांमुळे भावना दुखावतात. आदेशात होते, शांतता बिघडण्याचा संभव आहे. पत्रात होते, परिसराची शांतता बिघडण्याचा संभव आहे. आणि शेवटी, “सबब, तज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत सदर ग्रंथाचे वाचन थांबवावे, ही नम्र विनंती.” परक्यांनी विनंतीच्या जागी हुकूम घातला होता, एवढाच फरक.

त्यांच्या पत्नी सुनंदाताई चहा घेऊन आल्या. “काय हो, लिहिलंत?”

“नावं बदलायची तेवढी राहिलीयेत,” ते म्हणाले आणि दोन्ही कागद त्यांच्यापुढे सरकवले. मग म्हणाले, “सुनंदा, ते सरकार आहे, आणि आपण फक्त विश्वस्तांना पत्र दिलं. फरक आहे ना?”

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“अहो, मला तुमच्यातला फरक कळतो की नाही ते सोडा. कमलेशची बायको दर दिवाळीला मिठाई पाठवायची, दोन वर्षं आली नाही, एवढं मला कळतं. चहा घ्या.”

वाचकहो, श्रीपादराव रात्रभर तळमळले वगैरे मी सांगणार नाही. ते छान झोपले. गोंधळ झाला तो सकाळी. ओळखीची खूण म्हणून काय लिहावे, हे त्यांना आठवेना. पोथी आयुष्यभर वाचली, पण ती आतून कशी शिवली आहे हे ठाऊक असणारा माणूस एकच, तो शिवणारा. चंदरभाई तर देवाघरी गेले. उरला कमलेश.

कॅम्प एकमधले ते दुकान अजून तसेच. खळीचा वास, पुठ्ठ्यांची रास, भिंतीवर संतपुरुषाची तसबीर. कमलेशने मान वर केली.

“अरे, गोडांबे साईं! आज सूरज कहाँ से निकला? बसा, बसा. ते पुठ्ठे बाजूला करा. वहीवर नका बसू, ती पार्टीची आहे.”

श्रीपादरावांनी सारे सांगितले. दोन वर्षांपूर्वीच्या पत्राचे मात्र सांगितले नाही. कमलेश ऐकत राहिला. मग बोटाने हवेत पुस्तकाची पाठ रेखून म्हणाला, “खूण आहे. पक्की आहे. बाबांनी मला शिकवताना त्याच पोथीवर शिकवलं होतं. पण साईं, तुम्हाला चालेल की नाही, ठाऊक नाही.”

“म्हणजे?”

“पुस्तकाच्या पाठीला आतून कागदाची पट्टी लावतात. बाकीचे बाइंडर रद्दी लावतात. बाबा पोथीला रद्दी लावत नसत. म्हणायचे, भगवंताच्या पाठीला रद्दी कशी लावू? आमच्या ग्रंथाची जुनी पानं झिजली की ती जपून ठेवायचे आणि कुणाचीही पोथी आली की तिच्या पाठीत घालायचे. तुमच्या पोथीत आमच्या वाणीचं पान आहे. जुन्या सिंधी अक्षरातलं, उजवीकडून वाचायचं.” तो हसला. “दोन वर्षांपूर्वी तुम्ही आम्हाला समाजमंदिरातून काढलं. तुमच्या देव्हाऱ्यातून नाही काढता आलं.”

श्रीपादरावांचा चेहरा उतरला. “तुला माहीत होतं? पत्र मी लिहिलं ते?”

“‘सबब’ कोण लिहितं हो बेलवलीत? एक तुम्हीच.”

मग श्रीपादरावांनी विचारले, आणि ते अगदी खऱ्या जिज्ञासेने विचारले, “कमलेश, आपल्या सरकारने त्यांना जाब विचारावा का रे?”

“विचारावा की. तुमची मुलगी आहे तिथे. पण मला एक सांगा. तुमच्या पोथीसाठी बोलायला सरकार आहे. आमच्या पोथीसाठी कुठलं सरकार बोलणार होतं? जिथून ती आली तो मुलूख आमचा राहिला नाही, आणि जिथे राहतो तिथे तुमचं पत्र गेलं.” मग लगेच हात झटकून म्हणाला, “जाऊ द्या. चाय लोगे? साखर कमी ना?”

रविवारी देवळात चाळीसएक माणसे जमली. श्रीपादरावांनी कागद उलगडला. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि मला दिसले, कागदावर पहिल्याच ओळीत खाडाखोड होती. जन्मात प्रथमच हा माणूस कोऱ्या कागदावरून निघाला होता. पत्रात सरकारला विनंती होती की आमच्या लेकीची पोथी परत मिळावी म्हणून विचारणा करावी. पुढे ओळखीची खूण होती, पाठीतल्या सिंधी पानासकट. आणि त्याखाली, या पत्राशी काही संबंध नसताना, आणखी एक परिच्छेद होता: दोन वर्षांपूर्वीचे निवेदन न वाचलेल्या ग्रंथाविषयी होते, ते मी मागे घेतो, गुरुवारचे वाचन पुन्हा सुरू व्हावे.

राजेंद्र उठला. “काका, हे काय? एवढ्या मोठ्या पत्रात घरचं भांडण कशाला? ती सिंधी पानाची ओळ पण काढा. मीडियावाले हसतील आपल्याला.”

“ती ओळ काढली तर पोथी माझी ठरत नाही, राजेंद्र.”

“मग खालचं तरी काढा. निषेधाचा शब्द तर कुठेच नाही! सरकारने ठणकावायला हवं की नको, ते सांगा.”

“मला माहीत नाही,” श्रीपादराव म्हणाले. “खरंच माहीत नाही रे. कधी वाटतं, ठणकावावं, माझ्या बापाची पोथी आहे. कधी वाटतं, त्यांनी उलट विचारलं तर दाखवायला माझंच पत्र पुढे येईल. सरकार कुणाकुणाच्या पोथीसाठी बोलणार? आणि कुणाच्या नाही? मला नाही सुटत. मला पोथी हवीय, एवढं सुटतं. आणि खालचा परिच्छेद मी खोडणार नाही, तेवढंही.”

राजेंद्रने सही केली नाही, पण तो गेलाही नाही. चपला घालून दारात उभा राहिला. सतरा सह्या झाल्या. तिसरी माझी. ती मी भक्तीने केली की लाजेने, हे मला आजही सांगता येणार नाही. आयुष्यभर कीर्तनाला उभा राहिलो, प्रश्नाला उत्तर देण्याची सवय लागली. त्या दिवशी मात्र उत्तराविना सही केली.

पत्र दिल्लीस गेले, त्याची एक प्रत समाजमंदिराच्या विश्वस्तांकडे गेली. अर्ज श्रद्धाच्या हाती गेला. चौतिसाव्या दिवशी तिचा निरोप आला. तिथल्या अधिकाऱ्याने पातळ सुरीने एकेका पोथीची पाठ उचलून पाहिली, आणि चौथ्या पोथीत पान मिळाले. ओळख पटली. पोथी नष्ट होणार नाही. मात्र हातीही मिळणार नाही, कारण यादी अजून तीच आहे. आपल्या सरकारने विचारणा केली म्हणून तिकडची माणसे नरमली, असे राजेंद्र सगळ्यांना सांगतो. नुसत्या पानामुळे झाले, असे यज्ञेश म्हणतो. विचारणा झाली की नाही, हे आम्हांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

त्यातून नवाच पेच निघाला. अधिकाऱ्याने पानाचे छायाचित्र पाठवून विचारले, हा मजकूर कोणत्या ग्रंथाचा आणि त्यात काय आहे, ते लेखी कळवावे. श्रीपादराव पुन्हा कॅम्प एकला गेले. कमलेशने चष्मा लावला, मोबाइल दूर धरला, जवळ धरला, ओठ हलवीत बराच वेळ अक्षरे जुळवली. दोन वर्षांपूर्वी ज्या ग्रंथावर आम्ही आक्षेप घेतला, त्यातला मजकूर श्रीपादराव प्रथमच ऐकणार होते. ते ताठ बसले होते.

“साईं,” कमलेश शेवटी म्हणाला, “ही अनुक्रमणिका आहे. कुठलं भजन कितव्या पानावर, बस्स.”

दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग इतके हसले की शेजारचा दुकानदार डोकावला. हसू ओसरल्यावर श्रीपादरावांनी खिशातून पेन काढले. “कोरा कागद दे,” ते म्हणाले, आणि लिहू लागले की सदर पान आक्षेपार्ह नसून अनुक्रमणिका आहे.

समाजमंदिराच्या विश्वस्तांचे उत्तर अजून आलेले नाही. श्रावण तोंडावर आहे. बेलवलीतल्या त्या घरात चौरंग पुसून ठेवला आहे, आणि चौरंग रिकामा आहे.

हे छप्पर नसलेल्या गाभाऱ्याच्या देवा, या श्रीपादला तू दीर्घायुष्य दे आणि कोरा कागद पुरव. सुनंदाताईंच्या हाताला बरकत दे, त्यांच्या दारी पुन्हा दिवाळीची मिठाई येऊ दे. परक्या देशात बसलेल्या श्रद्धाला धीर दे, तिच्या हाती तिच्या आजोबांची पोथी सुखरूप दे. त्या पोथीच्या पाठीत ज्यांनी आपली वाणी ठेवली, त्या चंदरभाईंच्या घरावरही तोच हात ठेव. आणि आम्हाला जे कळत नाही ते कळेपर्यंत, या सगळ्यांच्या चुली पेटत्या ठेव, दारे उघडी ठेव, आणि सकाळसंध्याकाळ यांच्या घरी तुझे नाव निघत राहो, कुठल्याही अक्षरात.