दुमडलेला कोपरा

रविवारी सकाळी नऊला फोन वाजला, स्क्रीनवर 'ताई' दिसलं आणि मी सवयीने म्हणालो, "बोल ताई, ठीक आहे सगळं." पलीकडे ताई नव्हती. तिच्या शेजारच्या कांबळेकाकू होत्या. "दादा, ताई चहा घेऊन खुर्चीत बसल्या होत्या... हाक मारली तर उठल्याच नाहीत. फोन मांडीवरच होता." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तिचे जुने विद्यार्थी येऊन भरभरून बोलून गेले, माझा मुलगा निखिल बंगळुरूहून येऊन परत गेला. मी मात्र अजून रविवारी नऊ वाजता फोन हातात घेऊन बसतो.

हा फोन वर्षानुवर्षांचा. ती विचारायची, "कसा आहेस?" मी म्हणायचो, "ठीक." त्यावर तिचं ठरलेलं, "हे झालं लोकांसाठी. आता मला सांग." मग मी साहेब, ट्रॅफिक आणि गुडघा यांच्या तक्रारी करत तिचा अर्धा तास खायचो. फोन ठेवता ठेवता आठवलंच तर विचारायचो, "तू कशी आहेस?" ती म्हणायची, "मी ठीक." आणि मी फोन ठेवायचो.

आई गेली तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती, मी नऊचा. सगळं घर रडत होतं आणि ताई आलेल्या-गेलेल्यांना पाणी देत होती. "किती समजूतदार पोरगी!" जो तो म्हणाला, आणि तो शब्द तिला चिकटला तो कायमचाच. दहावीच्या वर्षी तिला जेवण जाईना. शाळेच्या फाटकाशी पोचलं की हात थरथरायचे, छातीत धडधडायचं. वडिलांनी अशक्तपणा समजून टॉनिकची बाटली आणली. त्याची गोड चव मला आवडायची म्हणून अर्धं टॉनिक ती मलाच पाजायची. मला त्यात मोठी मजा वाटायची, हेही मला आठवतं.

पुढे ती एका शाळेत गणिताची शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. शनिवारच्या तासाची शेवटची दहा मिनिटं ती वर्गाला रफ वहीचं मागचं पान उघडायला लावायची. मनात असेल ते लिहायचं. बाईंनी वाचावं असं वाटलं तर पानाचा कोपरा दुमडायचा, नसेल वाटत तर नाही. न दुमडलेलं पान तिने कधी वाचलं नाही. वाचून झालं की ती कोपरा सरळ करून वही परत करायची. वर एक अक्षर लिहायची नाही. मुलाला तेवढ्यानेच कळायचं, आपलं वाचलं कुणीतरी. "गणिताच्या बाईंना हे उद्योग कुणी सांगितले?" असं मी एकदा विचारलं. "घाबरलेल्या मुलाला गणित येत नाही. म्हणजे माझंच काम झालं ना हे?" ती म्हणाली.

निखिल दहावीला होता तेव्हा माझी आयटीतली नोकरी जोरात होती. सकाळी हिंजवडीची बस, संध्याकाळी अमेरिकेचे कॉल. वारज्याला नवा फ्लॅट, पोराला स्वतंत्र खोली... आणखी काय हवं? तो रडायचा नाही, चिडायचा नाही, काही विचारलं तर "काही नाही, बाबा." आमचा मुलगा फार समजूतदार, असं मी ऑफिसात मिरवायचो. ताईसमोरही मिरवलं. ती एकदम म्हणाली, "समजूतदार नाहीये रे तो. घाबरलाय. सगळं गिळतोय." मला झोंबलं. "तू तुझ्या शाळेतली पोरं बघ. स्वतःचं मूल नाही आणि..." वाक्य मी पुरं केलं नाही, पण पुरं करायचं काही उरलंही नव्हतं. पुढचे सात रविवार नऊ वाजता फोन वाजत राहिला. मी उचलला नाही.

प्रिलिमच्या पहिल्या पेपरला निखिल तयार होऊन बाथरूममध्ये गेला आणि बाहेरच येईना. नळ सोडलेला, आणि आतून धाप लागल्यासारखा आवाज. मी दार बडवत ओरडत होतो, "अरे, पेपर बुडेल!" शेवटी बायकोने ताईला फोन केला. विश्रांतवाडीहून ती रिक्षा करून आली, दाराबाहेर फरशीवर बसली आणि म्हणाली, "निखिल, पेपर बुडाला. आता कसलीच घाई नाही. मी इथे बसलेय." अर्ध्या तासाने कडी निघाली. मानसोपचारतज्ज्ञांकडे तीच त्याला घेऊन गेली. मी गाडी चालवली, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, "भीती जुनी आहे, आता तिच्यावर नैराश्य साचलंय. भावना दाबून टाकणं म्हणजे त्या सांभाळणं नव्हे." ताईने त्याला एक रफ वही आणून दिली. तीन महिने कोपरा दुमडला गेला नाही आणि तीन महिने तिने ती वही उघडली नाही. मग एका शनिवारी कोपरा दुमडलेला होता. "काय लिहिलंय त्याने?" मी अधीर होऊन विचारलं. "त्याला विचार. मी पोस्टमन नाही." मी विचारलं. आधी चुकतमाकत, मग नीट. माझ्या मुलाला विचारायला मी शिकलो, ते तिच्यामुळे.

तिला मात्र कधी विचारलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तिचं कपाट आवरायला गेलो. साड्यांच्या खाली रफ वह्यांचा गठ्ठा होता. वर्गाबरोबर तीही लिहायची, निवृत्तीनंतरही दर शनिवारी लिहीत राहिली, याचा मला पत्ता नव्हता. प्रत्येक पानाचा कोपरा दुमडलेला. मी तिथेच, फरशीवर बसलो. शेवटचं पान ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचं होतं. "उद्या रविवार. तो विचारेल, कशी आहेस. मी म्हणेन, ठीक. एकदा तरी त्याने म्हणावं, हे झालं लोकांसाठी."

वह्या मी घरी आणल्या आहेत. रविवारी नऊ वाजता एक पान वाचतो आणि कोपरा सरळ करतो. कागद जुना आहे, घडी जात नाही... मी बराच वेळ त्यावर अंगठा दाबून बसून राहतो.