डबलबेल भावजी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर जे भावजी राहतात त्यांना सगळे डबलबेल म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. त्यांना त्याचं काही नाही. उलट नवीन भाडेकरू आला की स्वतःच पुढे होऊन सांगतात, "मी डबलबेल. जिन्याजवळचं दार. काही लागलं तर हाक मारा." सारी नोकरी त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून उभ्यानं काढली. बेलची दोरी एकदा ओढली की गाडी थांबणार, दोनदा ओढली की सुटणार. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण हा माणूस अजून कुणाच्या दारावरची बेल एकदा वाजवत नाही. "एकदा वाजवली तर तुम्ही आहात तिथंच थांबाल की, वहिनी!" असं वर मलाच ऐकवतात. आवाज तर असा की ते खाली शिंकले की तिसऱ्या मजल्यावर माझ्या कपबशा हलतात. दुपारच्या झोपेवरून मी त्यांच्याशी दोनदा खाली जाऊन भांडलेही आहे.

मग आमच्या ह्यांना हार्ट अटॅक आला.

वेळेवर पोचलो, डॉक्टरांनी स्टेंट बसवली, हे घरी आले. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज चालायचं. हळू चाला, पण चाला." ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन जे खुर्चीत बसले ते उठायचं नाव घेईनात. जन्मभर नकाशे काढण्याच्या कचेरीत काम केलेला माणूस, एक रेघ कधी वाकडी गेली नाही. आता दिवसभर स्वतःची नाडी धरून बसायचे. जिना म्हटलं की पाचावर धारण बसायची. "मध्येच काही झालं तर?" हे एकच पालुपद. मी समजावलं, रागावले, रडले. लेकीनं फोनवरून आरडाओरडा केला. पण हे ढिम्म. मला तर अटॅकपेक्षा त्या खुर्चीची जास्त भीती वाटायला लागली.

आणि एका सकाळी दारावर टिंग-टिंग.

"वहिनी, दादा तयार आहेत का? गाडी लागलीय."

"कसली गाडी?" मी हातातला झारा घेऊनच दारात गेले होते.

"चालायची."

हे आतून म्हणाले, "मला नाही जमणार हो."

"तुम्हाला कोण सांगतंय जमवायला? पॅसेंजरनं काय जमवायचं असतं?" भावजी सरळ आत येऊन खुर्चीसमोर उभे राहिले. "नियम ऐका. थांबायचं तुमच्या मर्जीनं. तुम्ही 'थांबा' म्हणालात की मी एक बेल मारणार, गाडी जागच्या जागी उभी. का थांबली, हे कुणी विचारायचं नाही. पण सुटायचं माझ्या मर्जीनं. दोन बेल झाल्या की पाय उचलायचा. तिथं तुमचं काही चालणार नाही."

बेल म्हणजे त्यांच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा. तो त्यांनी बाहेरच्या लोखंडी कठड्यावर दोनदा आपटला. टण् टण्. आणि काय सांगू, आमचे हे उठले की! मी इतके दिवस डोकं आपटत होते ते फुकट, आणि ह्यांना किल्ल्या आपटलेल्या चालल्या. मला हसावं की रडावं कळेना.

तीन जिने उतरताना हे कितीदा 'थांबा' म्हणाले त्याची गणतीच नाही. दरवेळी कठड्यावर एक टण् आणि पाठोपाठ भावजींची आरोळी, "थांबलीय, थांबलीय! मागच्यांनी ढकलू नका!" मागे चिटपाखरू नव्हतं. पहिल्या दिवशी गाडी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली आणि परत आली. मी बाल्कनीतून बघत होते. टपालपेटीला टेकून हे चक्क हसत होते. हॉस्पिटलातून आल्यापासून ते हसू मी पाहिलं नव्हतं. मी हातातल्या फडक्यालाच डोळे पुसले.

पुढे गाडी औषधाच्या दुकानापर्यंत जाऊ लागली, मग बेकरीच्या बाकापर्यंत, मग शाळेचा चढ चढून थेट बागेच्या फाटकापर्यंत. ह्यांचा रंग सुधारला, भूक सुधारली, आणि जीभही सुटली. येताना बेकरीतला पाव आणायचे आणि तो वाईट निघाला तर बेकरीवाल्याशी वाद घालून बदलून आणायचे. माझा नवरा मला परत मिळाला होता, भांडकुदळ होऊन का होईना.

एकदा जेवताना हे सहज म्हणाले, "आज चढावर भावजींनी उगाच बेल मारली. मी थांबा म्हणालोच नव्हतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग औषधाच्या दुकानापाशीही तेच, आणि तिथं तर चढही नाही. ह्यांना गंमत वाटत होती. "म्हातारा विसराळू झालाय," म्हणाले. मला मात्र ते पटेना. दुसऱ्या सकाळी मी भाजी आणायचं निमित्त करून त्यांच्या मागोमाग गेले. चढाच्या निम्म्यावर टण् झालं. हे खिशात हात घालून मजेत उभे. आणि भावजी एका हातानं दिव्याचा खांब धरून, दुसरा हात छातीवर दाबून ओरडत होते, "दमलात ना दादा? घ्या, दम घ्या थोडा!"

मी तशीच परत फिरले आणि भावजी घरी आल्यावर त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"भावजी, उतरणारं कुणी नाही, चढणारं कुणी नाही, मग गाडी का थांबते?"

आधी ताकास तूर लागू देईनात. गॅस झालाय, रात्री झोप नाही झाली, बूट चावतो. मी हलले नाही. शेवटी स्टुलावर बसले आणि इतक्या बारीक आवाजात बोलले की तो आवाज त्यांचा वाटेना.

"वहिनी, आमची ही त्या हॉस्पिटलात स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. दूध तापवून ठेवलंय म्हणाली होती, परत आल्यावर चहा घेऊ. मी आल्यागेल्याशी गप्पा मारत बाहेर बाकावर बसलो होतो. तो दरवाजा मी पुन्हा नाही ओलांडायचा. जे व्हायचं ते इथं होऊ दे."

माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. पण मी त्यांना फक्त पाणी आणून दिलं.

वर येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हे त्याच जुन्या खुर्चीत बसले आणि हात आपोआप नाडीवर गेला. संपलं, मी म्हटलं, आता दोघंही बसणार. पण थोड्या वेळानं हे उठले, बूट घातले आणि जिना उतरायला लागले. एकटे. इतक्या महिन्यांत एकटे कधी उतरले नव्हते. मी कठड्यावरून वाकून कान देऊन उभी. खालून ऐकू आलं, टिंग-टिंग.

"गाडी लागलीय," हे म्हणाले.

"कुठली?"

"हॉस्पिटलची. सुटायचं माझ्या मर्जीनं. नियम तुमचाच आहे."

कसेबसे आले बिचारे. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, नळी जवळजवळ बंद झालीय, आणखी थांबला असतात तर कठीण होतं, आत्ताच आत घेतो. भावजींनी घड्याळ, चष्मा, किल्ल्या ह्यांच्या हवाली केल्या. पण स्ट्रेचर त्या मोठ्या दारापाशी आलं आणि ते ताडकन उठून बसले. पाय खाली सोडले. "नाही जमणार मला. उद्या बघू. सोडा." वॉर्डबॉय आमच्या तोंडाकडे बघायला लागला. भावजी घामानं थबथबले होते. मला वाटलं हे आता स्टेंट म्हणजे काय ते समजावत बसणार. पण ह्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि स्ट्रेचरच्या दांडीवर आपटला.

टण् टण्.

भावजींनी ह्यांच्याकडे असं रागानं बघितलं की मला वाटलं आता शिव्या देणार. मग हळूच पाय वर घेतले, आडवे झाले आणि अख्ख्या कॉरिडॉरनं वळून बघावं अशा त्यांच्या जुन्या आवाजात ओरडले, "चला!"

दार बंद झालं. मी ह्यांना म्हटलं, "बसा हो आता. तुमचंही काळीज काही लोखंडाचं नाही."

"एक बेल झाल्याशिवाय बसता येत नाही," हे म्हणाले आणि किल्ल्या मुठीत धरून त्या दाराकडे तोंड करून उभेच राहिले. मीही उभी राहिले. दुसरं काय करणार!

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं, स्ट्रेचर बाहेर आलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, एका मनगटाला पट्टी. मागून डॉक्टर हसत हसत काहीतरी सांगत होते, पण माझं लक्षच नव्हतं. भावजींनी डोळे फिरवून ह्यांना शोधलं. चादरीखालून त्यांचा दुसरा हात हळूहळू बाहेर आला आणि बोटाच्या पेरानं त्यांनी दांडीवर वाजवलं.

एकदाच.

तेव्हा कुठं आमचे हे मटकन खाली बसले.