‘गेलं’चा जुरमाना

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. निजामाच्या राज्यात आम्ही बोरीहून परभणीच्या सरकी काढायच्या जिनावर कापसाच्या गाड्या हाकायचो. घरी आलो की अंगाला रुई चिकटलेली असायची, तसेच हे किस्से चिकटले. रुई झटकली, किस्से राहिले! पण "ते दिवस गेले" असं काही मी म्हणणार नाही. का, ते ऐका.

आमचे म्होरके गणपतदादा. त्यांचा सर्जा बैल मेला तेव्हा ते ओसरीवर डोकं धरून बसले. "सर्जा गेला, सर्जा गेला!"

त्यांची बायको, आमच्या सरूवहिनी, आतून म्हणाल्या, "गेला काय म्हनता? एवढी वरसं राबला आपल्यासाठी. लाभला व्हता म्हना की!"

दादांना ते इतकं पटलं की पुढच्याच खेपेला त्यांनी हुकूम काढला. "आजपासून जो ‘गेलं’ म्हनंल, त्यानं समद्यांच्या गाड्यांना वंगण घालायचं. ह्योच जुरमाना!"

ते काळंकुट्ट वंगण नखांतून लवकर निघायचं नाही हो!

*

नाक्यावरच्या शिपायानं आमच्यातल्या किसनचं शेंगांचं टोपलं उचललं. किसन ओरडला, "शेंगा गेल्या!" झालं, बसला वंगण घालत.

पुढच्या खेपेला शिपायानं पुन्हा टोपलं उचललं. किसन दात-ओठ खात म्हणाला, "लाभल्या व्हत्या, साहेब!"

शिपाई खूश! "शाबास! अगली बार और लाना!"

*

आमच्यातलेच गाडीवान दाऊदचाचा, त्यांचा पुढचा दात ऊस खाताना तुटला. तोंडातून निघालं, "दात गे..."

आम्ही वंगणाचा नळा घेऊन तयारच! चाचांनी तोच सूर ओढला, "...गे माय! काय दात लाभला व्हता!"

*

आम्ही दादांनाही अडकवायला बघायचो. संध्याकाळी मुद्दाम विचारायचो, "दादा, दिवस दिसंना, कुठं हाय ओ?"

दादा बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, "असंल तिकडं. आपल्याला लय लाभला आज!"

एकदाही सापडले नाहीत. माणूस असावा तर असा!

*

ऐन सुगीत सरूवहिनी तापानं वारल्या.

तेरावं झाल्यावर दादा खेपेवर आले. दुपारी बैल सोडले, सगळ्यांनी भाकरीची फडकी उघडली. दादांची भाकरी सुनेनं बांधून दिली होती. फडकं तसंच मांडीवर ठेवून ते म्हणाले, "आमची कारभारीण गेली रे."

जुरमान्याचं नाव कोणी काढलं नाही. कोणाची छाती होती?

दादाच उठले. नळा घेतला आणि एकेका गाडीच्या चाकांना वंगण घालायला लागले.

दाऊदचाचा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, दादा."

"न्हाई चाचा. नियम तिचा हाय."

कोणी मदतीला पुढं झालं नाही, दादांनी होऊ दिलंच नसतं. शेवटचं चाक झालं. दादांनी मातीनं हात घासले, धुतले, फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"लय लाभली व्हती," ते म्हणाले, आणि पोटभर जेवले.