उंदराची शेपटी आणि एकवीस मोदक

सुलू, वय वर्षं सहा, हिच्यावर अन्याय झाला तो बाहत्तर सालच्या गणेशचतुर्थीला, सकाळच्या आरतीला दहा मिनिटं असताना, आमच्या कलकत्त्यातल्या मराठी मंडळाच्या भाड्याच्या हॉलमध्ये, चाळीस मोठ्या माणसांच्या देखत. त्या चाळिसांत मीही होतो आणि गप्प होतो, हे आधीच लिहून टाकतो. गप्प बसला नाही तो एकच माणूस, बागबाजारला आमच्या खाली तळमजल्यावर राहणारे काका. आणि या काकांइतका लहान मुलांना गंभीरपणे घेणारा माणूस हुगळीच्या दोन्ही तीरांवर झाला नाही, हे मी कुठल्याही सभेत टेबलावर मूठ आपटून सांगायला तयार आहे.

काका सरकारच्या वनस्पती खात्यातून निवृत्त झालेले. बी कधी रुजलं, कोंब कधी फुटला याच्या नोंदी करण्यात नोकरी गेली, आणि पेन्शनीत निघाल्यावर तोच उद्योग त्यांनी पोरांवर सुरू केला. इतर माणसं बाळाच्या आईला विचारतात, दात आला का? काका विचारायचे, "‘चुकून’ फुटलं का?" म्हणजे एखादी गोष्ट चुकून होणं निराळं आणि मुद्दाम करणं निराळं, हे पोराला उमगलं का. नव्याने बदलून आलेल्या एका बँकवाल्यांच्या बायकोने हे ऐकून घाईघाईने पोराचं अंग तपासलं होतं. काकांच्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची वही असे, प्रत्येक पोराला त्यात एक पान. चार वर्षांच्या मुलाला नुकसान किती झालं तेवढंच दिसतं, ते सांगायचे, आणि मोठं होता होता ते का झालं हे दिसू लागतं. मधे केव्हातरी कोंब फुटतो. त्या घटकेला आपण तिथे हजर असावं, एवढीच त्यांची या शहराकडून अपेक्षा होती.

त्यासाठी ते काहीही करत. अंगणात धोतर खोचून पोरांशी गोट्या खेळत आणि सरळसरळ लबाडी करत, कोण पकडतं ते बघायला. पाच वर्षांचा एक जण म्हणाला, आजोबा, तुम्ही मोठे, तुम्ही केलंत म्हणजे बरोबरच असणार. काकांना दोन दिवस जेवण गेलं नाही. आठ वर्षांच्या दुसऱ्याने त्यांना तोंडावर चोर म्हटलं, तर त्याला त्यांनी मूठभर लेमनच्या गोळ्या दिल्या. त्याचे वडील भांडायला आले, की तुम्ही पोराला मोठ्यांना चोर म्हणायला शिकवता. काका म्हणाले, शिकवत नाही हो, त्याचं त्यालाच आलं, पेढे वाटा. एकदा ट्राममध्ये त्यांनी समोरच्या बंगाली पोराला विचारलं, की आईला मदत करताना एकीने पातेलंभर दूध सांडलं आणि दुसरीने रागाने वाटीभर ओतून दिलं, तर जास्त चूक कुणाची? पोराआधी त्याच्या मामाने उत्तर दिलं. ते मागच्या बाकावरच्या मास्तरांना पटलं नाही. श्यामबाजार येईपर्यंत डब्यात दोन तट पडले होते आणि कंडक्टर तिकिटं फाडायचं सोडून पातेल्याच्या बाजूने बोलत होता. ज्याला विचारलं तो पोरगा झोपला होता.

सुलूचा कोंब फुटला तेव्हा काका हजर होते. आदल्या दिवाळीत तिच्या धाकट्या भावाची फुलबाजी काकांच्या धोतराला लागली. भाऊ रडायला लागला, तशी ही पुढे होऊन म्हणाली, "आजोबा, त्याने इच्छे कोरे नाही केलं." इच्छे कोरे म्हणजे बंगालीत मुद्दाम. आमची इथली पोरं रागावतात मराठीत आणि वकिली बंगालीत करतात. काका जळकं धोतर नेसून घरोघर ही बातमी सांगत फिरले.

आणि त्याच सुलूच्या बाबतीत आमच्या मंडळाने काय केलं, ते आता ऐका. चतुर्थीला बायकांनी पहाटेपासून उकडीचे मोदक केले होते. एकवीस मोदकांचं नैवेद्याचं ताट कोपऱ्यात ठेवलेलं. सुलूने ते उचललं, सतरंजीच्या काठात तिचा पाय अडकला आणि एकवीसही जमिनीवर. त्याच वेळी कार्यवाहांचा भाचा बंड्या, वय नऊ, मोदकपात्रातला एक मोदक नैवेद्याआधी पळवून खांबाआड खात होता, तोही पकडला गेला. बंड्याला सगळे हसले, बाळकृष्ण म्हणाले. सुलूला शिक्षा झाली. संध्याकाळी मुलांच्या नाटकात ती उंदीर होणार होती, आठ दिवस शेपटी लावून घरात हिंडत होती. तिचं काम काढून घेतलं आणि दिलं कुणाला? बंड्याला!

ताट का उचललंस, हे तिला फक्त काकांनी विचारलं. ती म्हणाली, मुंग्या येत होत्या. मग काका वही उघडून कार्यवाहांसमोर उभे राहिले आणि पोरांना विचारत त्याच गोड आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्हाला जास्त चूक कुणाची वाटते?"

"काका, एक आणि एकवीस यांत काही फरक आहे की नाही?" कार्यवाह म्हणाले.

काकांनी लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "वय बावन्न. कोंब नाही."

हॉलमध्ये काका दर रविवारी बालवर्ग घेत, तो त्याच आठवड्यात ठराव करून बंद केला. ठरावाच्या बाजूने हात वर झाले तेव्हा माझा खाली होता, पण विरोधात कोण, असं विचारलं तेव्हाही तो खालीच होता. जगातल्या अन्यायांवर मी पत्रकं लिहितो, ती कॉलेज स्ट्रीटवर पहाटे उठून चिकटवतो, आणि मला एक हात वर करता आला नाही.

पण खरा गुन्हा याहून मोठा आहे. चतुर्थीच्या संध्याकाळी आत नाटक चालू असताना सुलू मागच्या पायरीवर शेपटी मांडीवर घेऊन बसली होती. काका शेजारी बसले आणि म्हणाले, तू मुंग्यांसाठी ताट उचललंस, तुझी काहीच चूक नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनाच समजावत म्हणाली, "पण आजोबा, एकवीस पडले ना."

भावाच्या वेळी तिला जे कळत होतं, ते चाळीस शहाण्या माणसांनी एका सकाळीत तिच्याकडून काढून घेतलं. काकांनी वही उघडली आणि काही न लिहिता मिटली.

पुढच्या हिवाळ्यात काका लेकीकडे नाशिकला गेले. तळमजल्यावर आता दुसरं बिऱ्हाड आहे, अंगणात लबाडी करणारं कुणी नाही. महिन्याकाठी मला पोस्टकार्ड येतं. ख्यालीखुशाली दोन ओळी, आणि खाली ठरलेला प्रश्न, सुलूचं ‘चुकून’ परत फुटलं का? सुलू आता मंडळात येते ती हात मागे बांधून, कशालाच शिवत नाही. मला दर वेळी ‘नाही’ लिहावं लागतं.

हे वाचणाऱ्यांपैकी त्या दिवशी हॉलमध्ये जे होते, आणि जे नव्हते पण असते तर गप्पच बसले असते, त्या सगळ्यांना सांगतो. येत्या चतुर्थीला नैवेद्याचं ताट सुलूच्या हातात द्या. पडलं, तर मोदक मोजू नका. आधी तिच्यापाशी खाली बसा आणि विचारा, बाळ, ताट कशासाठी उचललं होतंस?