माझ्या घरात नसलेला निळा ड्रम

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला वाटतं, नवऱ्याला हौस आहे, म्हणून घरात स्टीलचीच टाकी लागते. वाटू दे. तुम्हाला सांगतो — आणि सांगताना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. बियाण्याला चोळायचं गुलाबी औषध निळ्या ड्रममधून येतं. रिकामे ड्रम दिवाळीआधी कामगारांना वाटायची पद्धत. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा ड्रमला काय मान असेल ते तुम्हीच ओळखा. आणि कोणाला द्यायचा ते ठरवणार मी! भाऊ, आमचं बघा. भाऊ, लक्षात राहू द्या. दिवाळी येईपर्यंत मी कंपनीत मालकासारखा मिरवायचो.

ड्रमवर कवटीचं चित्र असतं. खाली लिहिलेलं असतं, पुन्हा वापरू नये. मी वाचलं नव्हतं का? स्टोअरवाला आहे मी, वाचणं हेच माझं काम. म्हणून तर माझ्या घरात तो ड्रम कधी आला नाही.

मग नवे मॅनेजर आले. तरुण, सरळ माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं — हे ड्रम आता वाटायचे नाहीत, भोकं पाडून नष्ट करायला पाठवायचे. बदल्यात प्रत्येकाला पाण्याचा नवा कोरा ड्रम कंपनी देईल, वरून मंजुरी आणलीय. औषधाची यंत्रं धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात जातं, तेही नंतर बंद करू. तुम्ही लोकांना समजावून सांगा, तुमचं ऐकतात.

ऐकतात ना! म्हणून तर —

नवे ड्रम ऑफिसातून सरसकट सगळ्यांना मिळणार होते. मग मला कोण विचारणार? एवढंच होतं हो. एवढ्याशा मोठेपणासाठी मी बाहेर येऊन म्हणालो, "साहेब आपले ड्रम बंद करून राह्यलेत." नव्या ड्रमांबद्दल चकार शब्द काढला नाही.

सगळे गेटवर बसले. साहेब समजवायला आले, पण त्या आरडाओरड्यात त्यांचं कोणाला ऐकू येणार? ते माझ्याकडे बघत राहिले, की हा तरी आता सांगेल. मी हात वर करून घोषणा दिली. मोठ्यानं!

त्यांनी हार मानली. ड्रम वाटले गेले. नाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आता कोणी काही सुचवलं, तर तेच साहेब म्हणतात, इथल्या लोकांनाच नको आहे. आणि आम्ही चहाच्या टपरीवर शिव्या घालतो, की साहेबांना नाल्याचं काही पडलेलं नाही. मीही घालतो. सगळ्यात घाण शिवी माझी असते. एक माणूस चांगलं करायला निघाला होता, त्याला मी शिकवलं, की या भानगडीत पडायचं नाही. संताप येतो मला स्वतःचा. त्यांचाही येतो, इतक्या लवकर का गप्प बसलात म्हणून! पण त्यांना गप्प कोणी बसवलं?

त्या वर्षी कांताबाईंना ड्रम मीच रिक्षात चढवून दिला. त्या बी निवडायच्या कामावर आहेत, नवीन जालन्यात स्टेशनमागे राहतात. दोन दिवसांनी स्टोअरच्या दाराशी आल्या.

"भाऊ, राखेनं घासला, चिंच लावली, तरी वास जाईना. पिण्याचं भरू का?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. त्यांनी सरळ विचारलं होतं — मलाच.

"भरा की," मी म्हणालो. "काई होत न्हाई."

परवा त्यांच्या नातीचं बारसं होतं. गेलो. कोपऱ्यात तोच ड्रम, त्यावर स्वच्छ फडकं. कांताबाईंनी पेला बुडवून माझ्यापुढे धरला. सगळ्यांना सांगत होत्या, या भावानं गेटवर भांडून ड्रम मिळवून दिला.

मी म्हणालो, आत्ताच पिऊन आलो.

पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून तो पेला त्यांनी माझ्यासमोर स्वतःच पिऊन टाकला. मी बघत उभा राहिलो. मग लाडू खाल्ला आणि घरी आलो.